चावीवाला

खांबावर हिरवं बटण आहे, तळहाताएवढं.
दाबलं की चार मिनिटं पाणी.
मग आपोआप बंद,
पुन्हा कुणीतरी यावं लागतं.

डेंटन, टेक्सास. जुलै संपत आलेला.
घसरगुंडी इतकी तापलीय
की तिच्यावर कुणीतरी ओला टॉवेल टाकून ठेवलाय,
झोक्याच्या साखळ्यांना हात लावायची सोय नाही,
गवत तर कधीच करपलं.
सगळी वस्ती मग या वाटोळ्या काँक्रीटवर,
जमिनीतून उसळणाऱ्या धारांत,
वरच्या पिवळ्या बादल्यांखाली,
ज्या भरत भरत जातात
आणि नेमक्या बेसावध माणसावर कलंडतात.

निमिष पाण्यात जात नाही.
पहिल्या दिवशी दंडावर एक थेंब पडला
तर कानांवर हात ठेवून पार्किंगपर्यंत धावला,
मी एका पायात चप्पल घालून त्याच्यामागे.
दुसऱ्या दिवशी पेकानच्या झाडाखालून नुसतं पाहिलं.
तिसऱ्या दिवशी त्याला बटण दिसलं.

तेव्हापासून तो तिथे उभा.
कोरडा. सँडलमध्ये मोजे.
दोनशे चाळीसपर्यंत मोजतो,
ओठ हलतात तेवढेच,
आणि शेवटची धार खाली बसते न बसते तोच
टप.

टेरेन्सच्या जुळ्या मुली त्याला 'बॉस' म्हणतात.
लुपेआजी तिखट-मीठ लावलेला आंबा सगळ्यांना वाटते,
याचीही एक फोड आणते. तो घेत नाही.
ती बाकाच्या कडेला ठेवून जाते, रोज.
मुंग्यांचं बरं चाललंय.

एका बाईनं विचारलं, तो खेळत नाही का?
मला म्हणायचं होतं, खेळतोय की.
इंग्रजीत हा 'की' कुठे ठेवावा ते सुचलं नाही.

आमच्या बार्शीच्या बोळात भानुदास यायचा,
नगरपालिकेचा चावीवाला.
पाच दिवसांतून एकदा,
खांद्यावर पुरुषभर लोखंडी चावी.
रस्त्यातलं झाकण उचलून वाकायचा,
आणि घरोघरच्या नळांना आधी खोकला यायचा, मग पाणी.
चहा त्याला, शिव्याही त्यालाच.
त्याच्या स्वतःच्या घरी नळ नव्हता म्हणे.
खरं-खोटं कोण जाणे.
आम्ही पोरं त्याच्या सावलीवर पाय द्यायला भ्यायचो.

इथे पाणी वाहून जाताना बघून
अजून माझा जीव खालीवर होतो.
कुणी सांगितलं, तेच गाळून, फिरून वर येतं.
बरं वाटलं. पूर्ण नाही.

काल कुणाचातरी वाढदिवस होता.
फुगे, केक, पंचवीस-तीस पोरं,
आणि एका थोराड मुलानं निमिषला खांबापासून सारलं.
ढकललं नाही. पडदा सारावा तसं.
स्वतः बटण दाबलं, हसला, पळाला.

चार मिनिटं गेली.
पाणी थांबलं.
काँक्रीटवरून वाफ निघायला लागली
आणि पोरं उभीच, हात पसरलेले,
खांब समोर असून कुणी पुढे होईना.
जुळ्यांपैकी एक (कोणती ते मला अजून कळत नाही)
निमिषकडे आली, ओलेत्यानं, निथळत,
आणि लांबच थांबली,
थेंब उडणार नाहीत इतक्या अंतरावर.
म्हणाली, बॉस, वॉटर.

मी उठणार होते.
उठले नाही.

तो गेला. दोन्ही हातांनी दाबलं.

रात्री त्याचे मोजे काढले
तर डाव्याचं टोक ओलसर.
मला धडधडलं. नाकाशी नेला.
आंबा. आणि तिखट.

खाल्ली म्हणायची, की तुडवली?
आता विचारायचं तर
मुंग्यांनाच.