बाबा, हे ऐकून बघा

बाबा, तुम्ही म्हणालात, यंत्राचा गळा.
ज्याला दमसास नाही त्याचं कसलं गाणं.
आणि फोन ठेवलात, न रागावता,
पियानोचं झाकण लावावं तसा, दोन्ही हातांनी.

तरी पाठवते.
पहिलं छोटं आहे, अडीच मिनिटांचं.
डावा हात एकच जागा धरून बसलाय,
चहाचं पाणी उकळायची वाट बघत बसावं तसा,
आणि ती वरून गात राहते, कुठेही न थांबता,
माणसाचा जीव गेला असता तिथेसुद्धा.
(या ओळीवर तुम्ही हसाल, अशी आशा.)

दुसरं भलतंच वेगवान. ते रात्री ऐकू नका.
इतके सूर की दहा बोटं पुरायची नाहीत, चौदा हवीत.
वाजवणारं कुणी नाहीच. कुणीतरी एकेक सूर
माउसने आणून ठेवलाय,
चिमट्याने तांदळाचे दाणे मांडावेत तसा.
तुम्ही म्हणाल, ही फसवणूक.
मी म्हणेन, तुम्हीही जन्मभर एकेक तार पिळलीत,
वाजवलं दुसऱ्यांनी.

तिसऱ्याबद्दल काही सांगत नाही.

इथे कावासाकीत रात्रपाळी दहाला लागते.
सरकत्या पट्ट्यावरून डबे येतात,
प्रत्येकाच्या भातावर, बरोबर मधोमध,
मी एक खारवलेलं उमे ठेवते. तासाला नऊशे.
पहाटे घरी. भिंती पातळ.
कीबोर्डला हेडफोन लावले तरी पट्ट्या टकटकतात.
शेजारच्या हिरूमाबाईंनी दाराखालून चिठ्ठी सरकवली होती:
"सुतारकाम कधी संपेल?"

आवाज असा घडवतात, बाबा:
एका सुराला एक अक्षर. का. ए. रू.
परतणे, असा अर्थ. बेडूक असाही होतो.
फरक फक्त चढ-उताराचा,
तो मी पडद्यावर रेघ ओढून काढते.
व्यंजन तालाच्या केसभर आधी ठेवायचं,
नाहीतर ती धावत, उशिरा आल्यासारखी वाटते.
श्वास तयार मिळतात, विकत.
ते मी घेतले नाहीत.

रविवारी तुमचा फोन. कशी आहेस नाही, काही नाही.
"तो रे कुठला?"
मी गप्प.
"मधल्या डोच्या शेजारचा. दुसऱ्यांदा वाजताना अडखळतोय.
गोत्सुच्या शाळेतला पियानो आहे तो. समुद्राची ओल धरतो.
सव्वीस वर्षं सांगत होतो त्यांना, नमदा बदला, नमदा बदला."

शाळा बंद पडून सहा वर्षं झाली, हे मी तुम्हाला काय सांगणार.
किल्ली उकेगावांच्या तांदळाच्या दुकानात खिळ्याला असते,
हेही तुम्हाला ठाऊक.
नववर्षाला मी मासळी आणते म्हणून गेले
आणि दोन तासांनी रिकाम्या हाताने आले.
तुम्ही विचारलं नव्हतं.

फोन बाकावर ठेवून वाजवलं. बोटं गारठलेली.
पेडल सोडलं की लाकूड आतून 'हं' करायचं,
झोपेत कुणी कूस बदलावी तसं.
ते पुसलं नाही मी.
तिच्या ओळींच्या मधे तेच ठेवलं,
जिथे तिला श्वास घ्यायला हवा होता.

"वाजवलंय कुणी?"
असेल कुणीतरी, मी म्हणाले. हल्ली नावं लावत नाहीत.
"डावा हात कच्चा आहे."
हो.

मग बराच वेळ फक्त तुमच्या भिंतीवरचं घड्याळ.
"आणि ती मुलगी," तुम्ही म्हणालात, "गाणारी.
दमलेली वाटते.
शेवटच्या कडव्याआधी तिला पाणी द्यायला हवं होतं कुणी."

मी चूक दाखवली नाही.
उठले. नळ सोडला.
पेला भरेपर्यंत
तुम्ही फोन ठेवला नव्हता.