एक-आठ-चार-तीन

भट्टीच्या अलीकडं, क्रेनच्या चुंबकाला
ती लोंबकळत होती.
मी डबा तसाच टाकून धावलो,
गफूर, थांब. थांब रे.

किलोच्या भावानं घेतली.
काट्यावर चौदाशे साठ,
त्यात अर्धा क्विंटल कुठल्याशा बंदराची माती
आणि एक वाळलेली पाल.
मुनीमजी म्हणाले, सळई झाली असती
तर कुणाच्या तरी स्लॅबात कामाला आली असती.
तुमच्या दारात काय करणार?
म्हणलं, बघू.

डॉज. दोनच दारं.
नाकाड आमच्या ओट्याएवढं.
चंदनझिऱ्याच्या बोळात वळेना,
तेव्हा नऊ जणांनी उचलून वळवली, वरातीतल्या आडमुठ्या घोड्यासारखी.
स्टेअरिंग डाव्या हाताला.
शेजारचे काशिनाथअप्पा रोज येऊन उजवीकडं बसायचे,
हात पुढं करून
काही सापडतंय का बघायचे.

माझे सगळे पाने मिलिमीटरचे, तिचे नट सुताचे.
अर्ध्या इंचाला तेरा नंबर चालतो म्हणतात.
चालतो,
पण आधी नटाचा कोपरा जातो, मग नट,
मग माणसाचं डोकं.
इसाकमियाँनी बंद पडलेल्या जिनिंगच्या पेटीतून
इंची पाने आणले, सात.
साडेचार सुताचा नव्हता.
तो मी टेम्पोच्या पाट्यातून कापला,
आठ रात्री घासला.
आजही माझ्या हाताला तोच सगळ्यात गोड लागतो.

तळ सडलेला. सीटवर बसून खालची फरशी दिसायची.
जुन्या कूलरचा पत्रा ठोकून बसवला,
अजून उन्हात तापला की
वाळ्याचा वास येतो, अमेरिकन गाडीला.
सीटखाली केसातली एक पिन सापडली.
पद्मिननं ती रॉकेलनं पुसली, उजेडात धरली,
कोण असंल गं ही, म्हणाली,
आणि देवळीत ठेवली. लावली नाही.

रेडिएटरला सोळा लिटर.
नळ बारा दिवसांनी.
मी काही बोललो नव्हतो.
तिनंच घागर पुढं सरकवली,
म्हणाली, घ्या,
ही पण आता घरचीच झाली खाणारी.

मग ती चालूच होईना.
खोकायची. कार्बोरेटरच्या तोंडातून जाळ टाकायची.
इसाकमियाँच्या भुवया गेल्या,
ते म्हणाले, जाऊ द्या, ईदपर्यंत येतील.
टायमिंग पाहिलं, पॉइंट घासले,
रिक्षाची बॅटरी लावली, ट्रॅक्टरची लावली.
अडीच महिने.
मी तिच्याशी बोलणं सोडलं होतं.

शिवकन्या सातवीत.
मॅनिफोल्डवरचे ओतीव आकडे तिनं खडू घासून वाचले,
आणि पाढ्यासारखे घोकत घरभर फिरायची,
एक आठ चार तीन
सहा पाच सात दोन.
भाकरी खाताना. वेणी घालताना.
एका संध्याकाळी बॉनेटवर पालथी पडून
एकेक वायर बोटानं धरत गेली
आणि थांबली.
बाबा, तुमचा पाच सातच्या घरी गेलाय.

दोन वायरी. बस.
अडीच महिने मी जिला कोसलं
ती बिचारी खरंच बोलत होती.

चालू झाली तेव्हा
ओट्यावरचे डबे हलले, कुत्री गप्प झाली,
रोलिंगच्या रात्रपाळीतून गफूरनं
सायरन समजून बाहेर येऊन पाहिलं म्हणे.
इसाकमियाँ काही बोलले नाहीत.
त्यांनी पंजा बॉनेटवर ठेवला,
जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात.

आरटीओतला माणूस म्हणाला,
हिचा जन्मच कुठं नोंदलेला नाही.
ना आरसी, ना पासिंग. रस्त्यावर आणू नका.
नाही आणत.
आणि लिटरला चार देते, आणून तरी काय?

रविवारी सकाळी दहा मिनिटं चालू करतो.
अप्पा येऊन उजवीकडं बसतात.
मी विचारतो, कुठं सोडू?
ते म्हणतात, बदनापूरला,
आणि डोळे मिटतात.
मी गिअर टाकत नाही.
नुसता पाय देतो, जरासा.