उभी रेघ

वार्डोच्या मासळीधक्क्यावरचं ऑफिस बंद झालं तेव्हा
तराजू ट्रोम्सोच्या एका माणसानं नेला,
खुर्च्या शाळेनं,
आणि ही तपकिरी पेटी, जिच्यासमोर गुडलाउग बसायची,
कुणालाच नको होती म्हणून आमच्या घरी आली.
चौतीस वर्षं तळघरात, फाटक्या जाळ्यांखाली.

चालू केली तर आधी धूळ जळाल्याचा वास,
मग हिरवी मिणमिण,
मग प्रश्न: आज तारीख काय?
खरी सांगितली. तिला पटेना.
शेवटी दोघांनी एकोणीसशे सत्त्याऐंशीवर तडजोड केली.

तिला इंटरनेट ठाऊक नाही,
कुलूपबंद पत्रव्यवहार तर मुळीच नाही.
तिच्या काळी तारेत जे घालाल ते उघडंच जायचं:
कॉडचं वजन, बोटीचं नाव, डिझेलची उधारी.
म्हणून मध्ये बसवला एक दुभाषी,
काडेपेटीएवढा बोर्ड, शेजारच्या आस्लाककडून मागून आणलेला.
त्याच्या एका कानाला तिची पंचवीस पिनांची जाड केबल,
दुसऱ्या कानाला राउटर.
तिच्याशी तो सावकाश बोलतो, सेकंदाला शंभरेक अक्षरं,
जगाशी जगाच्या घाईनं.
कुलपं तोच उघडतो, तोच लावतो,
आणि तिला यातलं काही कळू देत नाही.

डिसेंबर. सूर्य गेलेला, जानेवारीत येईल.
पहिलं ईमेल बर्गनला, मुलीला:
"सोल्वी, हे पोचलं का?"
"पोचलं," एवढंच उत्तर,
हिरवं, एकेक अक्षर करत,
कुणी पलीकडे एका बोटानं टाइप करत असल्यासारखं.

मग फोनवर मी माझंच पत्र पाहिलं.
स|ल्वी.
तिरकी काट मारलेल्या 'ओ'च्या जागी
एक उभी रेघ. नावात खुंटा ठोकलेला.

कारण साधं आहे.
पेटीकडे सात बिटं, म्हणजे एकशेअठ्ठावीस खुर्च्या,
त्याही इंग्रजांनी आधीच धरलेल्या.
आमची तीन अक्षरं उशिरा आली,
त्यांनी कंसांना उठवलं, रेघेला उठवलं, आणि बसली.
बाहेरच्या जगात त्या खुर्च्या
पुन्हा मूळ मालकांकडे गेल्या. आम्हाला कुणी कळवलं नाही.

तीन रात्री घालवल्या.
दुभाष्याला तक्ता लिहून दिला: हे आलं तर ते समज.
काम एका रात्रीचं, उरलेल्या दोन चष्मा शोधण्यात.
चौथ्या रात्री नाव सरळ गेलं.
मी स्वतःलाच कॉफी पाजली.

उत्तर सकाळी आलं, म्हणजे घड्याळापुरत्या सकाळी:
"बाबा, का दुरुस्त केलंत?
आईच्या ऑफिसातला प्रिंटर जपानी होता,
त्याला आपली अक्षरं कुणी शिकवलीच नव्हती.
शाळेतून आले की टेबलावर चिठ्ठी असायची,
कडेला भोकं असलेल्या कागदावर.
स|ल्वी, बटाटे उकडायला लाव.
स|ल्वी, बोट उशिरा येतेय, तू जेवून घे.
मला किती तरी दिवस वाटायचं,
घरात माझं नाव असंच लिहितात."

बोट माझी होती.
चिठ्ठ्यांचं मला आज कळलं.
मी घरी यायचो तेव्हा टेबल पुसलेलं असायचं.

तक्त्यातली एक ओळ खोडली. एकच.
बाकीची दोन अक्षरं राहू दिली,
करखात्यालाही लिहावं लागतं कधीतरी.

मग बसलो. तिनं पुन्हा तारीख विचारली,
दिली, तिची तिला.
स|ल्वी, असं टाइप केलं, आणि पुढे सुचेना.
बोट विकून अकरा वर्षं झाली.
बटाट्यांबद्दल लिहिलं.