भेगा मोजणारा

सकाळी सव्वासात. प्रागच्या चौकात पांढरी व्हॅन.
सात माणसं, आठवी मी: चालक, वाटाड्या,
आणि कुणाला गाडी लागली तर आल्याच्या गोळ्या देणारी.
नावं पाठ करते. विसरले की "मंडळी" म्हणते,
ते सगळ्यांना चालतं.

उत्तरेकडे लाबे नदी सोबत येते.
मी सुरू करते: इथं एकेकाळी समुद्र होता.
हे वाक्य मी अकरा वर्षं बोलतेय
आणि दरवेळी मागच्या बाकावरचं कुणीतरी
खिडकीची काच लावून घेतं, पाणी आत येईल अशा बेतानं.

समुद्र गेला, वाळू राहिली, वाळूचा दगड झाला,
दगडाचे सुळके,
एकमेकांना पाठ लावून उभे असलेले म्हातारे.
ह्या जंगलाला आग लागली त्या उन्हाळ्यात
आमच्या दोरीवरच्या कपड्यांना
किती धुतले तरी धुराचाच वास.
आता काळ्या बुंध्यांमधून बर्चची पोरं वर आलीत,
हिरवीगार, कुणाला न विचारता.

"हात लावून बघा," मी म्हणते. ते बघतात.
बोटांना पिवळट वाळू लागते.
कोरियाहून आलेली स-ब्योल ती झटकत नाही,
तिकिटाच्या पाठीवर पुसते
आणि तिकीट घडी घालून ठेवून देते.

मग कमान. एवढा दगड, हवेत, कशावर म्हणून नाही.
"कधी पडेल?"
हा प्रश्न प्रत्येक गटात एकाला तरी पडतोच.
आज तो बेल्जियमच्या दंतवैद्याला पडला.
माझं उत्तर तयार असतं:
"तुम्ही पैसे भरलेत, आज तरी नाही."
हशा.

आणि तेवढ्यात वर, कड्यावर,
दोराला लटकलेला नारिंगी हेल्मेटचा माणूस.
सात फोन वर झाले. तो काय करतोय?

"उद्यानाचा नोकर आहे," मी सांगितलं. "भेगा मोजतो."
भेगेच्या दोन्ही काठांना पितळी खुंट्या ठोकलेल्या असतात.
त्यांच्यातलं अंतर तो वहीत लिहितो.
थंडीत भेग केसभर रुंदावते, उन्हाळ्यात मिटते.
जी उघडते नि मिटते तिची काळजी नसते.
जी नुसतीच उघडत जाते, तिची.

हे मला इतकं बारीक कसं माहीत, कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही, की त्याचं नाव रादोवान,
की लहानपणी आईच्या एका शिट्टीवर
आम्ही दोघं नदीकाठून घरी पळायचो,
की तिचं घर विकलं त्या मार्चपासून
आमच्यामध्ये चार वर्षं आहेत, एक वकील आहे,
आणि एक शिवणयंत्र, जे दोघांनाही नको होतं.

नॉर्वेची इंगुन्न, गुडघ्याला पट्टा, सगळ्यांच्या मागे.
दुर्बीण खाली करून म्हणाली,
"त्यानं तुला हात केला."
"पर्यटकांना करतात ते."
"छे. आम्ही सगळ्यांनी हलवले, तेव्हा नाही केला."

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून वीस.
खाली उतरून सूप, मग घळीतली होडी, मग दोन तास परतीचे.
"चला मंडळी," म्हणाले.
आवाज उगाच वरच्या पट्टीत लागला.

कमान शेवटची दिसते त्या वळणावर
मी नेहमीच थांबते, फोटोंसाठी.
आज तिथं दोन बोटं तोंडात घातली
आणि आईची शिट्टी मारली:
दोन आखूड, एक लांब.
दंतवैद्य आभाळात बघत म्हणाला, "ससाणा दिसला का?"
"हो," मी म्हटलं.

खडकानं शिट्टी परत केली,
एकदा, लगेच, कड्याकड्यानं विरत.
मग बऱ्याच वेळानं,
प्रतिध्वनीला शोभणार नाही इतक्या उशिरा,
आणखी एकदा.