आवाज कसा येतो?

"आवाज कसा येतो?" मेहबूब मिस्त्री विचारतो,
टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत,
चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवून.
मी इकडेतिकडे बघते. एक रिक्षावाला, दोन पोरं,
आणि हवा भरायला आलेला कुणाचा तरी नवरा.
बत्तीस वर्षं मी वर्गात अपूर्णांक शिकवले,
पण चारचौघांत असं तोंडानं
खट्… खट्खट्… खट्
कधी केलं नव्हतं.

"ब्रेकरवरच येतो का?"
ब्रेकरवर येतो. बालाजीनगरच्या उतारावर येतो.
उजवीकडे वळताना येतो, डावीकडे नाही.
आणि तुमच्या दारात आलं की चिडीचूप,
साहेब तपासणीला आल्यावर सातवी ब बसायची तसा.

हसला नाही तो.
लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला,
मुठीला कान लावला, डोळे मिटले.
गुडघ्याच्या डॉक्टरनं मला एवढा वेळ दिला नव्हता.

उरलेल्या हजेरीपटात मी हिशेब लिहिते.
लिंक रॉड, दोन नग, अठराशे. हजर.
बुश बाराशे, मजुरी वेगळी.
शॉकअबसॉर्बर नाना पेठेतून मीच आणला.
काउंटरवरचा म्हणाला, "मिस्टरांना फोन लावता का, मॉडेल विचारायला?"
वॅगन आर, दोन हजार दहा, एलएक्सआय, पेट्रोल, मी म्हटलं.
मिस्टरांना स्टेपनी कुठे असते ते माहीत नाही.
घरी बसून ते शब्दकोडं सोडवतायत, सुखी आहेत.
पुढे पासिंगचे, ग्रीन टॅक्सचे,
एजंटचे (एजंट घेणार नाही म्हणाले होते. घेतला.)
आणि आवाज होता तिथेच.

मुलगा फोनवर: "विकून टाक गं. कॅब लाव.
पंचाऐंशी हजार येतील, तेही दिवाळीच्या आत."
तीन वर्षांची दुरुस्ती: बासष्ट हजार चारशे.
अंश छेदाच्या जवळ सरकतोय, मला दिसतं.
पण मी हेच तर फळ्यावर लिहायचे,
अंश छेदाहून मोठा झाला
की त्याला अंशाधिक अपूर्णांक म्हणतात.
वाईट म्हणत नाहीत.

मग एका मंगळवारी मिस्त्री स्वतःच बसला शेजारी,
मागे त्याचा पुतण्या, आडवा, डिकीत डोकं घालून.
शंकरशेठ रोडवर तीन फेऱ्या.
"परत घ्या, बाई. त्या खड्ड्यातूनच घ्या."
आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम खड्ड्यात घातली,
आणि पुण्यात हे काम फार सोपं आहे.
खट्.
"चाचा," मागून पोरगं म्हणालं, "चाकात नाही, दारात आहे."

मागच्या दाराचं पॅनेल उघडलं.
तळाशी धुळीत
एक नट. दहा नंबरचा.
मिस्त्रीनं तो तळहातावर घेतला,
बराच वेळ बघत राहिला.
"माझाच आहे," म्हणाला.
"काच चढत नव्हती तुमची, गेल्या वर्षी. तेव्हाचा."

रिक्षावाला खोकला. चहा आला.
"पण लिंक रॉड खरंच गेले होते, बाई. आईशप्पथ."
मी विश्वास ठेवला,
तीन चतुर्थांश.
त्या दिवशीचे पैसे त्यानं घेतले नाहीत,
मीही फार आग्रह केला नाही.

परत येताना गाडी गप्प.
स्वारगेट गेलं, पद्मावती गेली,
एकशे चारच्या भावानं भरलेलं पेट्रोल जळत होतं,
त्याचासुद्धा आवाज नाही.
मला थोडं एकटं वाटलं, हे घरी सांगायचं नाही.

भारती विद्यापीठाच्या चढावर
पुढे कुठेतरी पट्टा चिरकला, अगदी हलकेच.
मी काचा वर केल्या. चारही चढल्या.
सिग्नलला, कुणी बघत नाहीसं बघून,
करून पाहिला:
चीं… चींचीं… चीं.

पहिला चीं थोडा लांब हवा.