चाळीस मिलिमीटर

पैसे फक्त स्प्रिंगांपुरते होते.
इहसान म्हणाला, शॉक आहेत तेच राहू देत, कंपनीचे,
लगेच काय मरतायत?
मागच्या गल्लीतल्या बूटा नूरने न पेटवलेली सिगारेट
ओठांत इकडून तिकडे केली. मरतील.
पण तुझ्यासमोर नाही,
आतल्या आत तेल गाळत, सावकाश.

शनिवार. मिचेल्स प्लेनवर आग्नेयेचा वारा असा सुटलेला
की खाडीची वाळू दातांत करकरत होती,
आणि आमची पांढरी गोल्फ, चौऱ्याण्णवची,
चाकं काढून लोखंडी घोड्यांवर,
पाय वर करून झोपवलेल्या रोग्यासारखी.
टॉर्च धरायचं काम माझं.
भावाच्या गाडीत बहिणीच्या वाट्याला टॉर्चच येतो.

जुनी स्प्रिंग काढायची म्हणजे दोन बाजूंनी पकडी लावून
दाबत न्यायची, अर्धा आटा इकडे, अर्धा तिकडे.
"तोंड बाजूला कर, झुल्फा,
ही सुटली तर दात घेऊन जाईल."
पाच आठवड्यांत एवढं लांब वाक्य
तो घरात कुणाशी बोलला नव्हता.
आईशी तर एक शब्दही नाही,
परीक्षेची फी या खोक्यात गेली
हे तिला कळल्यापासून.

नवी स्प्रिंग लाल, आखूड, बोटाएवढी जाड.
शॉकवर ठेवली तर चार बोटं कमीच पडली,
धाकट्याचा सदरा थोरल्याला चढवावा तशी.
आणि ते रबराचे ठोकळे,
शॉक तळाला आपटू नये म्हणून असतात ते,
अर्धे कापायचे होते.
इहसानने स्वयंपाकघरातून पाव कापायची सुरी आणली.
मी पाहिलं. बोलले नाही.
टॉर्च हलला तेवढाच.

संध्याकाळी गाडी जॅकवरून खाली आली,
आणि मग अजून थोडी आली.
चाकाच्या कमानीत बोट जाईना.
गल्लीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.
पहिल्याच गतिरोधकावरून उतरली
आणि नंतर तीनदा मान डोलावत राहिली,
जुना शॉक तिला म्हणत होता पुरे, अगं पुरे,
आणि त्याचं कोण ऐकतंय.

सोमवारी आईने पाव कापला.
वास घेतला. पावाकडे पाहिलं, सुरीकडे,
मग खिडकीतून गाडीकडे.
आणि तोच तुकडा इहसानच्या ताटात ठेवला.
त्याने खाल्ला. सगळा.

गुरुवारी लेन्टेगूरचा दवाखाना, तिच्या गुडघ्यांची तारीख.
बसताना सोपं गेलं, पडलीच म्हणा सीटमध्ये.
वाटेत एकोणीस गतिरोधक, मी मागे बसून मोजले.
प्रत्येकावर तो गाडी तिरकी घाली,
एकेक चाक चढवत,
डिकीत अंडी ठेवल्यासारखा.
तरी दर वेळी ती वरची मूठ धरून "या अल्लाह",
आणि अकराव्यानंतर
तिला चक्क हसू फुटलं.

दाराशी तिला उतरता येईना.
रस्ता वर, ती खाली.
दार धरून पाहिलं, छप्पर धरून पाहिलं,
मान वळवून माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणाले, माझ्या बाजूचं दार आतून उघडत नाही.

इहसान वळसा घालून आला,
दोन्ही हात पुढे केले. नखांत अजून ग्रीस.
तिने आधी नखं पाहिली,
मग हात दिले.
एक, दोन, म्हणत त्याने ओढलं,
आणि उभी राहिल्यावर ती जरा डोलली
तर त्याने लगेच सोडलं नाही.

बूटा नूर म्हणतो, हिवाळ्यापर्यंत.
जूनचा पाऊस लागला की मागचा डावा ओला दिसेल बघ,
हे शॉक असे अर्धे दबून
जगायला बनवलेले नसतात.
असेल. तोवर दर गुरुवारी जायचं आहे.

माझ्या बाजूचं दार उघडतं.
पहिल्यापासून उघडतं.