दहापैकी

मिरजेत, दवाखान्याच्या मागच्या गल्लीत
सतारींची दुकानं आहेत.
इकडं काय, तिकडं काय,
पोटं उघडून ठेवलेली असतात.

मालन तिसऱ्या मजल्यावर, खाट अकरा.
सिस्टर रोज सकाळी विचारते,
एक ते दहा, किती दुखतंय?
मालन म्हणते, ठसठसतंय.
नंबर सांगा.
काल ठणकत होतं, आज ठसठसतंय,
मधेच एक कळ येते ती माकडहाडापर्यंत,
आणि पहाटे नुसतं हुळहुळतं.
नंबर सांगा, मावशी.

भेटायची वेळ संपली की
मी दस्तगीरच्या फळीवर जाऊन बसते.
आदगोंडा आधीच आलेले असतात.
हळदीच्या पोत्यांची वजनं लिहिण्यात जन्म गेला,
नखांच्या कडा अजून पिवळ्या,
आणि वाद असा घालतात
जणू समोरच्यानं पोत्यात माती मिसळलीय.

मी म्हटलं, दुःख हा मोठ्यांचा शब्द.
त्यात विसर्ग आहे. त्या दोन टिंबांपाशी
वाचणारा जरा श्वास सोडतो.
दुखतं यात टिंबं नाहीत,
तिथं सोडायला जागाच नाही.
तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी.
लोक दुःखाचा विसर्ग विसरायचे
आणि मी तो लाल शाईनं परत घालायचे.

आदगोंडा म्हणाले, तुम्ही म्हणता, मला दुखतं.
मी दुखते, असं कोण म्हणतं?
म्हणजे दुखणं वेगळं, तुम्ही वेगळ्या.
ते दारात येतं, थांबतं, जातं.
जीव काही दुखत नाही.

दस्तगीर जवारी काढत होता.
घोडीवर कानस, मग तार, मग परत कानस.
मान वर न करता म्हणाला, कुठला जीव? ह्यो?
आणि तारेखालचा सुताचा दोरा ओढून दाखवला.
आमच्यात ह्याला जीव म्हणत्यात.
घातला की तार बोलती,
काढला की नुसती ठण्ण करती.

आदगोंडा चिडले. दोरा नव्हे हो, जीव.
त्याला सुरुवात नाही, शेवट नाही.
दस्तगीर म्हणाला, माझ्या बी रिळाचं
दुसरं टोक मी अजून बघितलेलं न्हाई.

मग मी माझं जुनं हत्यार काढलं.
नसणं हे आपल्याकडं क्रियापद आहे.
मी नाही, तू नाहीस, ते नाहीत.
नसणाऱ्यालाही पुरुष आहे, वचन आहे.
जे नाही, तेही काहीतरी करतंय,
नाहीतर प्रत्यय कुणाला लावतो आपण?

एका दृष्टीनं, आदगोंडा म्हणाले.
हे त्यांचं नेहमीचं.
एका दृष्टीनं आहे, एका दृष्टीनं नाही,
एका दृष्टीनं सांगता येत नाही.
त्या दिवशी मला राग आला.
म्हटलं, खाट अकराला कुठली दृष्टी लागते
तेवढं सांगा.

कुणी बोललं नाही.
दस्तगीरनं दोरा परत घातला,
केसभर सरकवला,
आणि तार इतका वेळ बोलत राहिली
की समोरचा मेडिकलवाला
सुट्टे मोजताना चुकला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर वळली तेव्हा
खाटेच्या पायथ्याचा कागद घेतला
आणि आकड्याच्या चौकटीत लिहिलं: ठसठस.
अक्षर नीट काढलं, मुद्रितावर काढायचे तसं.
दुपारी पाहिलं तर कुणीतरी ते खोडून
वर सात केलेले.
दुसऱ्यांचं खोडण्यात हयात गेली,
माझं खोडलेलं पहिल्यांदा पाहिलं.

सात म्हणजे सूर, दस्तगीर म्हणाला.
सात म्हणजे भंग, आदगोंडा म्हणाले, सप्तभंगी,
आणि बोटांवर मोजायला लागले.

मी वर जाऊन मालनला सांगितलं.
ती जरा वेळ पंख्याकडं बघत राहिली.
सातला नळ येतो अक्का, म्हणाली,
अर्धाच तास असतो.
तू जा आता घरी,
पिंप धुऊन ठेव.